पाच बाटल्या, झाकलेली लेबलं

एकच हापूस कापून खाल्ला तर 'मस्त आहे' यापलीकडे फारसं काही सांगता येत नाही. देवगडचा, रत्नागिरीचा आणि कर्नाटकातून आलेला अशा तीन फोडी एका ताटलीत ठेवल्या की सालीची जाडी नजरेत भरते, वासातला फरक कळतो आणि गोडीच्या मागून येणारी आंबट छटा कुणात किती तेही समजतं. जीभ मोजत नाही, ती तुलना करते. वाइनचंही तसंच आहे. दर शनिवारी एकेक बाटली उघडून वर्षभरात जे कळणार नाही, ते पाच बाटल्या एका संध्याकाळी शेजारी मांडल्या की कळतं. त्यासाठी दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पाचांमध्ये फरक नेमका कशाचा आहे हे आधी ठरवायचं, आणि कुठली बाटली कुठली हे पिणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

बाटल्या कशा निवडायच्या

हाताला लागल्या त्या पाच बाटल्या आणल्या की घोळ होतो. एक फेसाळती, एक गोड, एक पांढरी, दोन लाल. यात तुलना कशाची करणार? एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या शक्य तेवढ्या सारख्या ठेवायच्या. पहिल्यांदाच करणार असाल तर सोव्हिन्यों ब्लां हे द्राक्ष घ्या, कारण त्यातले फरक वासातच कळतात. नाशिकच्या दोन, न्यूझीलंडच्या मार्लबरोची एक, जमल्यास फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली एक. लाल हवी असेल तर शिराझ. नाशिक, सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज, बंगळुरूजवळच्या नंदी हिल्स आणि ऑस्ट्रेलियाचं बरोसा खोरं, अशी फेरी सहज जमते. फ्रेंच बाटलीवर 'सिरा' लिहिलेलं असेल तर बिचकू नका, द्राक्ष तेच आहे. तिसरा पर्याय सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात शिकवणारा: एकाच कंपनीची, एकाच द्राक्षाची एक वाइन स्टीलच्या टाकीतली आणि दुसरी ओकच्या पिंपात ठेवलेली. लाकूड नेमकं काय करतं हे पाच मिनिटांत कळतं.

लेबलावरचं साल बघून घ्या. ते द्राक्ष तोडणीचं साल असतं. युरोपात तोडणी साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात होते. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. त्यामुळे वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये हाती येतात. म्हणजे एकच साल छापलेली नाशिकची बाटली फ्रेंच बाटलीपेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी असते. ताज्या वासासाठी प्यायल्या जाणाऱ्या पांढऱ्या वाइनमध्ये एवढं अंतर जाणवतं.

किमतीवरून दर्जा ठरवायला जाल तर फसाल. परदेशी वाइनवर भारतात वर्षानुवर्षं १५० टक्के मूळ सीमाशुल्क होतं. काही देशांशी झालेल्या करारांमुळे ते आता कमी होत चाललं आहे, तरी आयात बाटलीच्या किमतीचा मोठा वाटा कराचाच असतो. अडीच हजारांच्या परदेशी बाटलीला हजाराची देशी बाटली झाकून लढवली की निकाल अनेकदा गमतीशीर लागतो.

आता हिशेब. बाटली ७५० मिलीलीटरची, चाखायला प्रत्येकी ५० मिलीलीटर, म्हणजे एका बाटलीतून पंधरा जणांचं भागतं. सहा ते आठ जणांसाठी प्रत्येक वाइनची एकच बाटली पुरते आणि जेवणासाठीही उरते. वाइन पाचच ठेवा, फार तर सहा. सहा वाइन म्हणजे प्रत्येकाच्या पोटात ३०० मिलीलीटर, १३ टक्क्यांनी जवळपास ३१ ग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडे गाडी चालवताना रक्तातली मर्यादा १०० मिलीलीटरमागे ३० मिलीग्रॅम आहे आणि एवढ्यानं ती सहज ओलांडली जाऊ शकते. तेव्हा परतीच्या रिक्षेची सोय आधीच करून ठेवा, आणि चाखून थुंकायला प्रत्येकासमोर कागदी कप ठेवा. थुंकण्यात गावंढळ काही नाही, वाइन बनवणारे दिवसभर तेच करतात. आपल्या जुन्या वाड्यांत पिकदाणी होतीच की.

तापमान: इथेच बहुतेक बैठका बिघडतात

'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हे वाक्य जाड दगडी भिंतींच्या थंड युरोपीय घरांतून आलं आहे. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. एप्रिलातल्या पुण्यातली खोली म्हणजे ३२. त्या उष्णतेत लाल वाइन ओतली की अल्कोहोलची वाफ आधी नाकात शिरते, फळाचा वास मागे पडतो आणि वाइन सैल, जळजळीत लागते. उलट थेट फ्रिजमधून, म्हणजे चारेक अंशाला काढलेली पांढरी वाइन मुकी होते. वास येत नाही, फक्त थंडगार आंबट पाणी लागतं. त्याच थंडीत लाल वाइनचा तुरटपणा मात्र टोचतो.

फेसाळती वाइन ६ ते ८ अंशांना, हलकी पांढरी ८ ते १०, ओकमधली पांढरी ११ ते १३, लाल १५ ते १८. तापमापक नसेल तर वेळेवर चालवा. ३० अंशांच्या खोलीतली लाल बाटली फ्रिजमध्ये तासभर ठेवली की जागेवर येते. पांढरी रात्रभर फ्रिजमध्ये असेल तर ओतण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी घालून त्यात बाटली मानेपर्यंत बुडवा. लालसाठी बारा-पंधरा मिनिटं, पांढरीसाठी अर्धा तास. नुसत्या बर्फात ठेवू नका. खड्यांच्या मधल्या फटींत हवा राहते, आणि पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं तशी ती चिकटत नाही. आणि ग्लासातली ५० मिलीलीटर वाइन आपल्या हवेत भराभर तापते, म्हणून सगळ्याच बाटल्या ठरल्यापेक्षा दोन अंश गारच ओतायच्या.

ग्लास आणि घरातला वास

वाइन चाखण्याच्या ग्लासाचं आंतरराष्ट्रीय मानक १९७७ सालापासून आहे. साधारण २१५ मिलीलीटरचा, खाली फुगीर आणि वर निमुळता ग्लास, त्यात वाइन फक्त ५० मिलीलीटर. वरची रिकामी जागा वास साठवण्यासाठी असते, म्हणून ग्लास भरून देणारा यजमान प्रेमळ असला तरी चुकतो. असे ग्लास नसतील तर काचेचे साधे ग्लास चालतील, पण सगळ्यांचे आणि सगळ्या वाइनचे एकसारखे हवेत. एक वाइन निमुळत्या ग्लासात आणि दुसरी पसरट ग्लासात ओतली की तुलना ग्लासांची होते. सहा जणांना पाच वाइनचे तीस ग्लास कुणाच्याच घरी नसतात. माणशी दोन ग्लास ठेवा आणि जोड्या लावा: पहिली-दुसरी, मग दुसरी-तिसरी. मधे पाण्याने विसळण्याऐवजी पुढच्या वाइनचा चमचाभर भाग फिरवून फेकून द्या. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आणि भांड्याच्या साबणाचा थर हे दोघेही वासाचे शत्रू, आणि साबणाचा अंश फेसाळत्या वाइनचे बुडबुडेही मारतो.

बैठकीच्या आधी दोन तास स्वयंपाकघरात फोडणी नको. हिंग-मोहरीच्या वासापुढे कुठल्याही वाइनचं काही चालत नाही. उदबत्ती, धूप, अत्तर, मोगऱ्याचा गजरा, सिगारेट, सगळं बंद. पान-सुपारी नको, सुपारीचा तुरटपणा जिभेवर बसून राहतो. दात घासून लगेच बसू नका, टूथपेस्टनंतर आंबट गोष्ट कडू लागते. समोर साधं पाणी आणि साधा पाव, बस. चिवडा नको: मिरचीची आग अल्कोहोलच्या जळजळीत मिसळते आणि सगळ्याच वाइन तिखट वाटायला लागतात. चीजसुद्धा गुण देऊन झाल्यावरच. त्यातली चरबी आणि प्रथिनं तुरटपणा गुंडाळून टाकतात आणि सुमार वाइनही मऊ लागते. वाइनच्या व्यापाऱ्यांत जुनी म्हण आहे, विकत घेताना सफरचंद खावं आणि विकताना चीज द्यावं.

लेबल झाकायचं कसं

बाटलीच्या मानेवरचा कागद किंवा पन्नी पूर्ण काढा, बूच किंवा झाकण लपवा, बाटली खाकी कागदी पिशवीत घालून मानेपाशी रबर लावा. एकानं पिशव्या भराव्यात आणि खोलीबाहेर जावं. दुसऱ्यानं आत येऊन त्यांची जागा उलटसुलट करावी आणि वर आकडे घालावेत. असं केलं की कुठला आकडा कुठल्या वाइनचा हे घरात कुणालाच माहीत नसतं, यजमानालाही नाही. एवढं करूनही बाटलीचा आकार चुगली करतो. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या बाटलीला उभे खांदे असतात, तिथल्याच बर्गंडी भागातलीचे उतरते, आणि रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनची बाटली उंच आणि सडपातळ. आकार वेगळे असतील तर वाइन आतल्या खोलीतच ओतून ग्लास बाहेर आणा.

एवढा खटाटोप कशासाठी? २००१ साली फ्रान्समधले संशोधक मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिय यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५४ जणांना, जे वाइनचंच शिक्षण घेत होते, पांढरी वाइन वास नसलेल्या रंगानं लाल करून दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी नाकाला असं फसवलं, तर किंमत आणि नाव काय करत असतील! पॅरिसमध्ये २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्पर्रियर या ब्रिटिश व्यापाऱ्यानं फ्रेंच परीक्षकांपुढे कॅलिफोर्निया आणि फ्रान्सच्या वाइन झाकून ठेवल्या. लालमध्ये स्टॅग्ज लीपची १९७३ची काबर्ने आणि पांढऱ्यात शातो माँटेलेनाची १९७३ची शार्दोने पहिली आली. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. लेबलं उघडी असती तर हा निकाल लागला असता का, याचं उत्तर ज्यानं त्यानं मनात द्यावं.

हुंगा, मग चाखा

ग्लास पांढऱ्या कागदावर थोडा तिरका धरून रंग बघा. लाल वाइनच्या कडेला जांभळी झाक असेल तर ती तरुण, विटकरी असेल तर वय झालेलं. पांढरी वाइन वर्ष-दोन वर्षांतच तपकिरीकडे झुकली असेल तर हवा लागली असण्याची शंका घ्या. मग ग्लास न हलवता एकदा हुंगा, टेबलावरच गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. छोटे दोन-तीन श्वास पुरे. लांब श्वास घेत बसलं की नाक त्या वासाला सरावतं आणि मग काहीच येत नाही. त्यानंतर चमचाभर घोट, तोंडभर फिरवायचा, ओठांतून थोडी हवा आत ओढायची आणि दहा सेकंद थांबायचं.

हवा आत का ओढायची, हे बडीशेपेनं पटतं. नाक चिमटीत धरून बडीशेप चावा. किंचित गोड आणि खरखरीत लागेल, बाकी काही नाही. चिमूट सोडली की बडीशेप अचानक 'येते'. चव म्हणून आपण जे सांगतो त्यातलं बहुतेक घशाच्या मागून नाकात चढलेला वास असतो. सर्दी झालेल्या मित्राला त्या दिवशी गुण द्यायला बसवू नका, ओतायला बसवा.

शब्दांबाबत मात्र मराठी माणसाला न्यूनगंडाचं कारण नाही. लाल वाइनमधल्या टॅनिनसाठी परदेशी पुस्तकं परिच्छेद लिहितात. आपल्याकडे त्याला एकच शब्द आहे, तुरट, आणि तो सहा रसांमध्ये गणलेला आहे. कच्चं जांभूळ, आवळा, सुपारी, दूध न घातलेला कडक चहा खाल्ला-प्यायला की हिरड्या आखडतात, तेच हे. फक्त तुरट आणि कडू यांत गल्लत करू नका. कडू ही जिभेवरची चव, तुरट हा तोंड कोरडं पडल्याचा स्पर्श.

वासांसाठीही 'ब्लॅककरंट' शोधत बसू नका, जे तुम्ही कधी खाल्लं नाही ते आठवणार कुठून? सोव्हिन्यों ब्लांमध्ये ढोबळी मिरचीचा वास येतो तो पायराझिन गटातल्या रसायनाचा, आणि तेच रसायन ढोबळी मिरचीतही असतं. त्याच वाइनमधली पेरूची झाक गंधकयुक्त रसायनांची, तशीच रसायनं पेरूतही सापडतात. शिराझमधली काळी मिरी म्हणजे रोटंडोन, तोच मिरीतही असतो. साधारण पाचातल्या एकाला हा वास अजिबात येत नाही, त्यामुळे 'मिरी कुठाय?' म्हणणारा मित्र खोटं बोलत नसतो. ओकमधली लवंग म्हणजे युजेनॉल, तेच लवंगेतही. करवंद, कैरी, कवठ, ओली माती, भिजलेलं गोणपाट, जे आठवेल ते लिहा.

सुरुवातीला जीभ जुळवून घ्यायला दहा मिनिटं द्या. चार पेले तयार करा. पहिल्यात २०० मिलीलीटर पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात चमचाभर साखर, तिसऱ्यात लिंबू आणि साखर दोन्ही, चौथ्यात पाच मिनिटं उकळलेला बिनदुधाचा गार चहा. पहिल्यात आणि तिसऱ्यात आम्ल तेवढंच आहे, पण तिसरा कितीतरी कमी आंबट लागतो. साखर आंबटपणा काढत नाही, झाकते. शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाची किंचित गोडसर वाइन 'मऊ' का वाटते आणि तिच्यात आंबटपणा खरा किती आहे, हे मग ओळखता येतं. आंबटपणा मोजायचा असेल तर घोट गिळून तोंड किंचित उघडं ठेवा आणि लाळ किती सुटते ते बघा.

क्रम, गुण आणि जुळी बाटली

फेसाळती, हलकी पांढरी, ओकमधली पांढरी, हलकी लाल, तुरट लाल आणि शेवटी गोड, हा नेहमीचा क्रम. तुरट वाइन आधी नको, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि घोटागणिक तोंडाचा कोरडेपणा वाढत जातो. पाचव्या लाल वाइनला 'फार तुरट' म्हणताना त्यातला निम्मा दोष आधीच्या चारांचा असू शकतो. सगळ्या वाइन एकाच द्राक्षाच्या असतील तर प्रत्येकानं वेगळ्या आकड्यापासून सुरुवात करावी. तुम्ही १-२-३, शेजारी ३-४-५. क्रमाचा अन्याय मग सगळ्यांवर सारखा वाटला जातो.

सगळ्यांचं लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. हा नियम मोडला की बैठक संपलीच. एकानं 'केळं येतंय' म्हटलं की पुढच्या मिनिटाला सगळ्यांना केळं येतं. शंभरपैकी गुण देऊ नका, ८७ आणि ८९ मधला फरक कुणालाच सांगता येत नाही. नुसता क्रम लावा, आवडती पहिली आणि नावडती पाचवी. मग प्रत्येक वाइनच्या क्रमांकांची बेरीज करा, सर्वांत कमी बेरीज तीच विजेती. बेरजेइतकंच विखुरणंही बघा. तिघांनी पहिली आणि तिघांनी शेवटची लावलेली वाइन सगळ्यांनी मधे लावलेलीपेक्षा जास्त बोलण्यासारखी असते.

आणि हिंमत असेल तर एकाच वाइनच्या दोन बाटल्या आणून दोन वेगळ्या आकड्यांखाली लपवा. कॅलिफोर्निया राज्य मेळाव्यातल्या स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना एकाच बाटलीतून तीनदा वाइन दिली होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जेमतेम १० टक्के परीक्षकांचे तिन्ही गुण एकाच पदकाच्या टप्प्यात बसले. तुमच्या जुळ्या बाटल्यांपैकी एक पहिली आणि एक चौथी आली तर त्या दिवशीच्या निकालावर कुणी पैज लावू नये. यापेक्षा सोपी परीक्षा तीन ग्लासांची आहे. दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखा. नुसत्या नशिबानंही तिघांतला एक बरोबर येतो, म्हणून एकदा जमलं म्हणून कॉलर ताठ करायची नाही, चारदा करून बघा.

बाटलीच बिघडलेली असेल तर

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारा दोष उष्णतेचा. उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर उभी किंवा गाडीच्या डिकीत राहिलेली बाटली. बूच किंचित वर आलेलं, मानेशी चिकट ओघळ, वास शिजलेल्या मुरंब्यासारखा. दुकानात आतल्या, सावलीतल्या फळीवरची बाटली मागा, दिव्याखाली सजवलेली नको. भिजलेल्या गोणपाटाचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि फळाचा वास गायब असेल तर तो बुचातल्या टीसीए या रसायनाचा दोष. लीटरमागे ग्रॅमच्या काही अब्जांश भागांतच तो नाकाला कळतो आणि ग्लास फिरवून जात नाही, उलट वाढतो. सडक्या अंड्याचा किंवा नुकत्या ओढलेल्या काडीचा वास मात्र पुष्कळदा पाच मिनिटं ग्लास फिरवल्यावर उडून जातो, तेव्हा त्या वाइनला लगेच शेवटचा क्रमांक देऊ नका. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर यांचा वास ठळक असेल तर ती स्पर्धेतून बाद. पिशव्या भरणाऱ्यानंच प्रत्येक बाटलीचा एक घोट आधी घेऊन ठेवला तर ऐन वेळी पंचाईत होत नाही.

पिशव्या काढल्या की मग जेवण. आता चीज, सुरमई, मिसळ, काय हवं ते. तिखटाबरोबर तुरट लाल वाइन भांडते, किंचित गोडसर पांढरी जुळवून घेते.

उरलेली वाइन अर्ध्या रिकाम्या बाटलीत ठेवू नका, हवा तिला दोन दिवसांत संपवते. स्वच्छ छोट्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवली, लालसुद्धा, तर तीन-चार दिवस टिकते. आणि दुसऱ्या दिवशी तोच क्रम लावलेला कागद समोर ठेवून पुन्हा एकेक घोट घ्या. काल तुरट म्हणून मागे टाकलेली एखादी लाल वाइन आज मोकळी झालेली असते, आणि काल सगळ्यांना भुलवणारी एखादी पांढरी पडलेली.